निसर्गस्नेही उद्योगामागील प्रेरणा

(जिल्हा उद्योग केंद्राच्या वतीने भरविण्यात आलेल्या उद्योजकता प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



गेले पंधरा दिवस आपण येथे प्रकल्प अहवाल, बाजारपेठेची पाहणी, बँकेचे कर्ज, हिशेबाच्या वह्या अशा व्यवहारोपयोगी विषयांचे पाठ घेतलेत. समारोपाच्या दिवशी माहिती खात्याच्या माणसाने चार उत्साहवर्धक शब्द बोलावेत, टाळ्या घ्याव्यात आणि आपणांस चहापानासाठी मोकळे करावे, असा प्रघात आहे. मी कला शाखेचा पदवीधर. ताळेबंदाविषयी आपणांस अधिकारवाणीने काही सांगावे, अशी माझी योग्यता नाही. परंतु आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी पर्यावरणास पोषक अशा उद्योगांची निवड केली असल्याचे मला समजले. कोणी गांडूळखताचा, कोणी सौर उपकरणांच्या जोडणी-दुरुस्तीचा, कोणी कापडी पिशव्यांचा, तर कोणी शेतातील काडीकचऱ्यापासून इंधनकांड्या बनविण्याचा विचार करीत आहे. म्हणून अशा उद्योगाकडे माणूस नेमका कशाने वळतो, या एकाच प्रश्नावर बोलण्याचे मी ठरविले. हा प्रश्न मला एका प्रसंगामुळे पडला. त्या प्रसंगात चूक माझीच होती. यास्तव तोच आधी सांगतो.

एक यशोगाथा आणि तिचा परिणाम

यशस्वी उद्योजकांच्या कथा लिहिणे हा माझ्या नित्याच्या कामाचा भाग आहे. काही वर्षांपूर्वी गांडूळखत तयार करणाऱ्या एका शेतकऱ्याची यशोगाथा मी लिहिली. 'पर्यावरण रक्षणाच्या ध्यासाने झपाटलेल्या' या शब्दांनी तिचा आरंभ केला आणि वार्षिक उलाढालीच्या आकड्याने शेवट केला. लेखाचे कौतुक झाले. त्यानंतर तीन वर्षांनी एक तरुण त्या लेखाचे कात्रण घेऊन माझ्या कार्यालयात आला. लेख वाचून त्याने कर्ज काढले होते आणि आठ वाफे बांधून खत तयार केले होते. खत चांगले होते. पण घेणारा कोणी नव्हता. पावसाळ्यात पोती ओली झाली, हप्ते थकले, आईचे दागिने गहाण पडले. तो माझ्यावर रागावला नाही. त्याने फक्त विचारले, "साहेब, त्या गृहस्थांनी पहिली दोन वर्षे कशी काढली, ते तुमच्या लेखात नाही. ते लिहायचे राहून गेले का?"

मी त्याच आठवड्यात त्या शेतकऱ्याकडे गेलो आणि जे पूर्वी विचारायला हवे होते ते विचारले. ते हसले. म्हणाले, "ध्यास वगैरे पुढचे. माझ्या गोठ्यात बारा जनावरे आणि शेणाचा उकिरडा मात्र पावसाने वाहून जाणारा. दुसरीकडे खताच्या दुकानातली उधारी वाढत चाललेली. हे दोन्ही एकाच घरात बघवेना, म्हणून आधी स्वतःच्या डाळिंबाच्या बागेपुरते खत केले. दोन वर्षे एक पोतेही विकले नाही. शेजाऱ्यांनी बाग पाहिली आणि तेच मागायला आले, तेव्हा विकू लागलो."

आता लक्षात घ्या. या माणसाची प्रेरणा मी 'ध्यास' या एका शब्दात गुंडाळली आणि तिच्यातील सर्वांत उपयुक्त भाग गाळून टाकला. शेण त्यांच्या घरचे होते, पहिले गिऱ्हाईक ते स्वतःच होते आणि विक्रीची घाई नव्हती. त्या तरुणापाशी यांपैकी काहीच नव्हते. होता तो माझ्या लेखातील ध्यास. प्रेरणेविषयी अर्धसत्य सांगितले तर कोणाचे तरी घर अडचणीत येते, हे मी त्या दिवशी शिकलो.

प्रेरणा एक नसते

या विषयाचा विद्यापीठांतूनही अभ्यास झाला आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तेथील १४ निसर्गस्नेही उद्योजकांना 'हा उद्योग तुम्ही का सुरू केला?' असे विचारले होते. उत्तरांतून पाच प्रेरणा पुढे आल्या: निसर्गाविषयीची निष्ठा, उपजीविकेची गरज, त्या कामाची मनापासून आवड, स्वतःच स्वतःचा मालक असावे ही इच्छा आणि बाजारात एखादी गोष्ट मिळत नाही याची झालेली जाणीव. मोठ्या श्रीमंतीची हाव त्यांच्यात फारशी आढळली नाही. पण घर चालले पाहिजे, हा आग्रह मात्र होता.

या पाच प्रेरणांपैकी निसर्गनिष्ठा ही केवळ एक आहे. उरलेल्या चार तर किराणा दुकान काढणाऱ्यालाही लागू पडाव्यात अशा आहेत. यात निराश होण्याजोगे काही नाही. किंबहुना, या क्षेत्रात उतरण्यासाठी संत असावे लागत नाही, हा मोठाच दिलासा आहे. माझा स्वतःचा अनुभव आणि वाचन मला एक पाऊल पुढे नेते. जे उद्योग टिकले, त्यांच्या मुळाशी बहुधा डोळ्यांसमोर चाललेली एखादी नासाडी असते, आणि ती न बघवणारा माणूस असतो. निसर्गाचा व्यापक विचार हा त्या मुळाला पुढे फुटणारा अंकुर होय.

काटकसरीचा वारसा

इंग्लंडमध्ये अनिता रॉडिक या बाईंनी १९७६ साली ब्रायटन येथे 'द बॉडी शॉप' या नावाचे सौंदर्यप्रसाधनांचे छोटे दुकान काढले. रिकामी बाटली परत आणा आणि पुन्हा भरून न्या, ही तेथील पद्धत पुढे जगभर पर्यावरणप्रेमाचे उदाहरण म्हणून गाजली. वस्तुतः पुरेशा बाटल्या विकत घेण्याइतके पैसे त्यांच्यापाशी नव्हते, हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. दुकानाच्या भिंतींना दिलेला हिरवा रंगही ओलीचे डाग झाकण्यासाठी होता. महायुद्धाच्या काळात त्यांच्या आईने काटकसरीने घर चालविले होते. कोणतीही वस्तू टाकून न देण्याचा तो संस्कार दुकानात उतरला आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला.

हा संस्कार आपल्याला परका आहे काय? जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, करवंटीची डवली करणाऱ्या आणि ताकाच्या भांड्याचे धुवणही गाईच्या आंबोणात घालणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. गुऱ्हाळाचे चुलाण उसाच्या चिपाडांवरच पेटते, त्यासाठी कोणी सरपण विकत आणीत नाही. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून आज अनेक सहकारी साखर कारखाने उसाच्या भुशावर वीज निर्माण करतात, स्वतःची गरज भागवितात आणि उरलेली वीज विकतात. सहवीजनिर्मिती हा शब्द नवा असला, तरी त्यामागील बुद्धी गुऱ्हाळाचीच आहे.

विजेच्या बिलातून पवनचक्की

महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेले एक ठळक उदाहरण घेऊ. सुझलॉन या कंपनीचे संस्थापक तुलसी तांती हे मूळचे राजकोटचे. सुरतेत त्यांचा कापडाचा व्यवसाय होता. विजेचा खर्च इतका वाढला की नफा त्यातच गडप होऊ लागला. यावर उपाय म्हणून १९९० साली त्यांनी दोन पवनचक्क्या बसविल्या. वाऱ्याला पैसे पडत नाहीत. एकदा यंत्र उभे राहिले की पुढील अनेक वर्षांचा विजेचा खर्च बराचसा निश्चित होतो, हा हिशेब त्यांच्या लक्षात आला. जी अडचण आपली आहे ती इतर कारखानदारांचीही असणारच, हे ओळखून १९९५ साली त्यांनी सुझलॉनची स्थापना केली. कापडाचा धंदा मागे पडला आणि पुणे हे या नव्या उद्योगाचे मुख्य ठाणे बनले. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील.

पृथ्वीच्या वाढत्या तापमानाविषयी वाचून आपण अस्वस्थ झालो, मालदीवसारखी बेटे समुद्रात बुडण्याचे भाकीत मनाला लागले, असे तांती पुढे अनेकदा सांगत. ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण क्रम पाहा. आधी विजेचे बिल आले, मग पवनचक्की आली, आणि जगाची चिंता त्या पवनचक्कीच्या उंचीवरून दिसू लागली. जवळच्या गरजेने दूरची दृष्टी दिली.

या कथेचा दुसरा भागही मी आज गाळणार नाही. परदेशातील मोठ्या कंपन्या विकत घेताना सुझलॉनवर कर्जाचा डोंगर झाला आणि २०१२ साली परकीय रोख्यांची परतफेड कंपनीला वेळेवर करता आली नाही. २०१५ साली परदेशातील आपली मोठी कंपनी तिला विकावी लागली. तांती यांचे २०२२ साली निधन झाले. कंपनी पुढे सावरली, पण मधली वर्षे फार कठीण गेली. वारा स्वच्छ असतो, म्हणून व्याज माफ होत नाही.

थेंबाचे मोल

दुसरे उदाहरण जळगावचे. भवरलाल जैन यांचा जन्म १९३७ साली जामनेर तालुक्यातील वाकोद या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेतल्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी चालून आली असता त्यांनी ती स्वीकारली नाही. आम्हां शासकीय सेवकांना ही गोष्ट जरा झोंबते. पण महाराष्ट्राचा त्यात लाभच झाला. १९६३ साली घरातील शिलकीचे ७,००० रुपये घेऊन त्यांनी रॉकेल विकण्यास प्रारंभ केला. पुढे शेतीला लागणारी खते, बियाणे, यंत्रे यांच्या एजन्सी आल्या. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना विकत घेतला आणि तेथे कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन बनविण्यास सुरुवात केली. १९८० साली पाइपांचा कारखाना काढला आणि त्या दशकाच्या अखेरीस ते ठिबक सिंचनाकडे वळले.

येथेही क्रम महत्त्वाचा आहे. पंचवीस वर्षे हा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या गरजा ऐकत वावरला होता. विहिरीचे पाणी तळाला जाताना आणि उरलेले पाटातून मोकाट वाहताना त्याने पाहिले होते. आधुनिक ठिबक पद्धती १९६०च्या दशकात इस्रायलमध्ये विकसित झाली. तिचे तंत्र जैन यांचे नव्हे. त्यांनी हेरली ती दुसरीच उणीव. केवळ नळ्या विकून भागत नाही; शेताची मोजणी, आराखडा, जोडणी, तोट्या तुंबल्यावर दुरुस्ती आणि पिकाला किती पाणी द्यावे याचा सल्ला, हे सारे एकाच ठिकाणी मिळाले तरच शेतकरी विश्वास ठेवील, हे त्यांनी ओळखले. पीक व जमीन यांनुसार ठिबकने पाण्यात ३० ते ६० टक्क्यांपर्यंत बचत होते. खतही पाण्यातून थेट मुळाशी जाते. शेतकऱ्याने ते घेतले ते भूजल वाचविण्यासाठी नव्हे, तर त्याच विहिरीवर अधिक केळी यावी म्हणून. पाणी मात्र त्यामुळे खरोखर वाचले. २००८ साली जैन यांना पद्मश्री मिळाली. २०१६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे या कंपनीलाही कर्जाच्या अडचणीतून जावे लागले आणि २०२२ साली कर्जाची पुनर्रचना करावी लागली. यामुळे त्यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. मात्र मघाशी सांगितलेला धडा अधिक पक्का होतो.

वाया जाते ते इंधन

तिसरे उदाहरण वैज्ञानिकाचे आहे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली 'आरती' ही संस्था ग्रामीण भागासाठी उपयुक्त तंत्रे शोधण्याकरिता स्थापन केली. ऊसतोडणीनंतर शेतात हेक्टरी कित्येक टन पाचट उरते. पुढच्या मशागतीच्या घाईत ते पेटवून दिले जाते. धूर होतो, मातीतील जीवजंतू मरतात आणि इंधनही फुकट जाते. बंदिस्त भट्टीत पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याचे तंत्र या संस्थेने बसविले. त्यासाठी २००२ साली तिला ब्रिटनमधील ॲशडेन पारितोषिक मिळाले. पुढे घरातील खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅस संयंत्रासाठी २००६ साली तेच पारितोषिक तिला पुन्हा देण्यात आले.

या संयंत्रामागील विचार सोपा आहे. शेणातील बहुतेक सत्त्व जनावराने आधीच पचवून घेतलेले असते. म्हणून गॅस हळू आणि कमी मिळतो. शिळा भात, भाकरीचे तुकडे, पिष्टमय बिया यांतील सत्त्व शाबूत असते; म्हणून थोड्या खाद्यात अधिक गॅस लवकर मिळतो. ज्यांच्या दारी जनावर नाही, अशा कुटुंबालाही त्यामुळे बायोगॅस शक्य झाला. टाकाऊ पदार्थाकडे पाहून 'याची विल्हेवाट कशी लावू?' असे न विचारता 'यात अजून काय शिल्लक आहे?' असे विचारणे, हीच येथील प्रेरणा होय. इंधनकांड्यांचा विचार करणाऱ्या मित्रांनी मात्र एक पथ्य पाळावे. पाचट हलके आणि अवजड असते. ते दूर वाहून नेण्यात नफा संपतो. म्हणून भट्टी शेताजवळ हवी आणि कांड्यांचे गिऱ्हाईक आधी ठरलेले हवे.

पोटासाठी आणि मानासाठी

आतापर्यंत शिकलेल्या माणसांच्या गोष्टी झाल्या. चौथे उदाहरण ज्यांना पर्यावरण हा शब्दही कोणी शिकविला नव्हता, अशा स्त्रियांचे आहे. पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी आणि कार्यकर्त्यांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभारली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. सभासद दारोदार जाऊन वर्गीकरण केलेला कचरा गोळा करतात, घरटी ठरावीक शुल्क घेतात आणि सुका माल विकून येणारे पैसेही त्यांचेच असतात. सभासदांची संख्या तीन हजारांवर आहे.

या स्त्रियांना प्रेरणा विचारली तर उत्तर सरळ आहे: पोट आणि मान. कुंडीत हात घालून, कुत्र्यांशी आणि पोलिसांच्या संशयाशी झुंजत कचरा वेचण्यापेक्षा, गळ्यात ओळखपत्र घालून घराच्या दारातून तोच कचरा घेणे कितीतरी बरे. तथापि त्यांच्या हातून रोज जो कागद, प्लास्टिक आणि धातू पुन्हा कारखान्याकडे जातो, तो कचरा डेपोवर पडत नाही. कोणतीही घोषणा न देता त्या पर्यावरणाचे काम करतात. हेतू पोटाचा होता म्हणून त्या कामाला कमी लेखण्याचा अधिकार आपणांपैकी कोणाला आहे?

कायद्याचा धाक आणि शासनाचा आधार

प्रेरणेचा आणखी एक उगम आहे: कायदा. १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ साली, वायुप्रदूषणाचा १९८१ साली आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा १९८६ साली आला. एकाला जो कायदा खर्च वाटतो, तो दुसऱ्याला बाजारपेठ देतो. सांडपाणी शुद्ध करण्याची सक्ती झाली, तेव्हा शुद्धीकरणाची यंत्रे बनविणाऱ्यांना काम मिळाले. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली आणि कापडी पिशव्या शिवणाऱ्या महिला बचत गटांना मागणी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली.

परंतु शासनाचा प्रतिनिधी या नात्याने मी आपणांस प्रामाणिकपणे सांगतो: केवळ नियमाच्या किंवा अनुदानाच्या आधारावर उद्योग उभा करू नका. अंमलबजावणीची तीव्रता कमीअधिक होते आणि पिशव्यांची मागणी तिच्याबरोबर वरखाली होते. धोरणेही परिस्थितीप्रमाणे बदलतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या कार्यक्रमाला २००३ साली प्रारंभ झाला. त्यासाठी अनेक साखर कारखान्यांनी आसवन्यांमध्ये भांडवल गुंतविले. मात्र साखरेचे उत्पादन घटण्याची चिन्हे दिसताच ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातला. तो पुढे शिथिल झाला. पण ज्यांचे सारे गणित रसावरच बेतलेले होते, त्यांची त्या हंगामात मोठीच ओढाताण झाली.

याचा अर्थ शासनाचा आधार घेऊ नये असा नव्हे. सूक्ष्म सिंचनासाठी अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदानाची तरतूद झाल्याने ठिबकचा प्रसार मोठ्या प्रमाणावर झाला. २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांची माहिती आपण येथे घेतलीच आहे. अनुदान हे रोपाला बांधलेल्या काठीसारखे असते. वाऱ्यात ते रोपाला सावरते. मूळ मात्र रोपाचे स्वतःचे असावे लागते.

स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न

बंधुभगिनींनो, आपला प्रकल्प अहवाल बँकेत देण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.

पहिला: कोणती नासाडी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे? ऐकलेली, वाचलेली नव्हे, तर माझ्या शेतात, माझ्या गल्लीत, माझ्या कामाच्या ठिकाणी रोज होणारी.

दुसरा: ती थांबविल्याने कोणाचा पैसा वाचतो किंवा कोणाचा त्रास कमी होतो, आणि तो माणूस त्यासाठी पैसे द्यायला तयार आहे का? निसर्गाचा लाभ सर्वांचा असतो. पण बिल एखाद्यालाच द्यावे लागते.

तिसरा: पहिली दोन वर्षे विक्री झाली नाही, तर माझे घर कशावर चालेल? यंत्रसामग्रीचे कर्ज सर्वांना आठवते. खेळत्या भांडवलाची आठवण माल पडून राहिल्यावर येते.

चौथा: उद्या अनुदान थांबले, नियम बदलला किंवा कोणी कौतुक केले नाही, तरी हे काम मला करावेसे वाटेल का?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे हिशेबाच्या वहीत मिळतात. चौथ्याचे उत्तर तेथे मिळत नाही. आणि जिला आपण निष्ठा म्हणतो, ती येथेच लागते. मी ध्यासाची थट्टा केली, असा समज कृपया करून घेऊ नये. पडत्या काळात माणसाला टिकवून धरणारी शक्ती तीच आहे. ओटागोच्या उद्योजकांनी मोठ्या लाभाची अपेक्षा न धरता काम केले, ते तिच्याच बळावर. माझे म्हणणे इतकेच की, ध्यास हे हिशेबाच्या जागी बसविण्याचे साधन नव्हे. हिशेबाने उद्योग उभा राहतो आणि ध्यासाने तो वाईट दिवसांत मोडत नाही. दोहोंपैकी एक असून भागत नाही.

तो कात्रण घेऊन आलेला तरुण आज एका रोपवाटिकेत नोकरी करतो आणि कर्जाचे उरलेले हप्ते फेडतो. त्याच्या आठ वाफ्यांपैकी दोन चालू आहेत. त्यांतील खत त्याच रोपवाटिकेला लागते आणि त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. तिसरा वाफा केव्हा सुरू करणार, असे मी त्याला परवा विचारले. तो म्हणाला, "मालकांनी आणखी खत मागितले की." त्याचे नाव न सांगता ही हकीकत आपणांस सांगण्याची परवानगी त्यानेच मला दिली आहे.

आपण उद्या यशस्वी व्हाल तेव्हा आपली यशोगाथा लिहिण्यासाठी मी, किंवा माझ्या खुर्चीवरील दुसरे कोणी, आपणांकडे येईल. त्या वेळी पहिल्या दोन वर्षांची गोष्टही आठवणीने सांगा, ही विनंती. आम्ही विचारायला विसरलो तरी सांगा. ती वाचूनच पुढचा कोणी तरी आपले पाऊल जपून टाकील.